मिकारावांचं बसणं

मिकाराव निघायला म्हणून उठले की आधी खाली बसायचे. खांद्याला बॅग, पायात बूट, दाराबाहेर जीप चालू, आणि हे गृहस्थ हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून गप्प. मिनिटभराने उठायचे, "येतो" म्हणायचे आणि जायचे. या बसण्याबद्दल आमच्या नेकनूरकडे जे सांगितलं जातं, ते खोटं आहे. ते कोणी पसरवलं हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. माझं वय झालं, आता ते सांगून टाकावं.

त्यांचं खरं नाव मिखाईल. साठीला आलेले, अंगाने आडवे, भुवया पांढऱ्याशुभ्र. रशियात ते बँकेत होते. तेलाच्या विहिरींना कर्ज द्यायचं हे त्यांचं काम. विहिरीवाल्यांनी त्यांना बँकेतून उचलून आपल्याकडे नेलं. तेलातून ते कोळशात गेले, कोळशातून गॅसमध्ये, आणि शेवटी आमच्या डोंगरावर पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीत. त्यांचा ड्रायव्हर रफिक बीडचा. तो ही सगळी कारकीर्द एका दमात सांगायचा. "साहेबानं तेल विकलं, कोळसा विकला, गॅस विकला. आता हवा विकायलेत."

'मिकाईल' हे नावही रफिकचंच. "आमच्यात मिकाईल म्हंजे पाऊसपाण्याचा फरिश्ता. वारं बी त्याच्याच खात्यात असंल," असं तो म्हणायचा. गावाने त्याचे मिकाराव करून टाकले.

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, म्हणून कंपनीने मला दुभाषी नेमलं. मिकाराव आमच्याच माडीवर राहायला आले. बिनदुधाच्या चहात आमचा मोरावळा कालवून प्यायचे. मराठी शिकले रफिककडून, पण स्वभाव बँकेचा राहिला. भरलेली एसटी, बांधावरची म्हैस, हळदीचं जेवण, काहीही समोर आलं की डोळे बारीक करून म्हणायचे, "लई रिस्क हाय."

एकदा माझ्या बायकोने पानात ठेचा वाढला. त्यांनी तो भाकरीच्या कोपऱ्याला लावून बराच वेळ तपासला. मग गंभीरपणे विचारलं, "वहिनी, जामीन कोण?"

"ताक," बायको म्हणाली आणि तांब्या पुढे ठेवला. कर्ज मंजूर झालं. तेव्हापासून आमच्या घरात ताकाला जामीन म्हणतात.

हे सगळं बरं चाललं होतं. अडलं ते शेषेराव आबांपाशी. पवनचक्कीचं पातं म्हणजे एखादी गल्ली आडवी घातल्यासारखं लांब. ते डोंगरावर न्यायला आबांच्या शेताचा कोपरा लागत होता, आणि आबा नाही म्हणत होते. आबा जुने पुढारी. बीडला कचेरीसमोर त्यांनी इतकी धरणे-उपोषणं केली होती, की तिथल्या चहावाल्याला त्यांची सतरंजी कुठे अंथरायची ते पाठ होतं. वरून मिकारावांना निरोप आला की रस्ता करा, नाहीतर परत या. या वयात परत गेल्यावर त्यांना कोणी काम दिलं नसतं.

आम्ही आबांच्या ओसरीवर गेलो. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हाई."

मिकाराव उठले, बॅग खांद्याला लावली आणि नेहमीसारखे खाली बसले. मान खाली.

आबा माझ्या कानाशी आले. "मास्तर, ह्ये आता का म्हून बसलं?"

मला खरं कारण माहीत नव्हतं. पण कामाची काळजी होती, आणि थोडी खोडीही सुचली. मी म्हणालो, "आबा, धरणं हाय. आता ह्ये उठायचं न्हाई. जेवायचं बी न्हाई."

आबांचा चेहरा उतरला. जन्मभर दुसऱ्याच्या दारात वापरलेलं हत्यार आज त्यांच्या दारात येऊन बसलं होतं. गल्लीत माणसं जमू लागली होती. "परदेशी पाहुणा माझ्या ओसरीवर उपाशी? गाव काय म्हणंल? उठवा त्याला, देतो कोपरा."

तेवढ्यात मिकारावांचं मिनिट भरलं. ते उठले आणि आपण काय केलं ते न कळता रस्ता घेऊन निघाले.

पुढे मजा झाली. मला तेव्हा ती मजाच वाटली. साहेब दारात धरणं धरतो, असं गावोगाव झालं. मिकारावांची जीप दिसली की लोक दारातल्या बाजा भिंतीला उभ्या करायचे, खुर्च्या आत टाकायचे. "साहेब, उभ्या उभ्याच बोलू." एकाने तर ओट्यावर पाणी ओतून ठेवलं. कंपनीची कामं भराभर झाली आणि माझा भाव वाढला.

एके दिवशी असंच एका दारातून उभ्याने निघालो. वेशीबाहेर मिकारावांनी जीप थांबवायला लावली. उतरले आणि रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर जाऊन बसले. अंगावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. परत आल्यावर मी विचारलं, हे काय असतं?

"आमच्याकडं निघताना बसतात. घरची सगळी, एक मिनिट," ते म्हणाले. "लांब जाताना फक्त. मी सगळीकडं बसतो." मग इंग्रजीत सांगितलं. गॅसच्या कामावर निघालो होतो. बायको, नीना, म्हणाली, बस जरा. मी म्हणालो, गाडी थांबली आहे. महिन्याने परत आलो तेव्हा ती नव्हती.

हे कळूनही मी गावात गप्प राहिलो. काय सांगणार होतो? आणि भावही टिकवायचा होता.

मग डोंगरावरचं काम संपलं. मिकारावांची बदली झाली, दुसऱ्या देशात, दुसऱ्या वाऱ्याला. जायच्या आदल्या दिवशी मी आबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

आबांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरली. मग म्हणाले, "मला फसवलं त्ये सोडा. कोपरा काय, गेला. पर आमी त्या माणसाच्या बुडाखालची खुर्ची काढायलो होतो मास्तर, आन् तुमी बघत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात लागली. मिकारावांनी बॅग उचलली, सवयीने इकडे तिकडे पाहिलं, आणि लोकांनी लावलेल्या सवयीनेच बसायचा विचार सोडून दिला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आबा दिसले. मागे त्यांचे दोघे पुतणे, डोक्यावर बाज घेऊन. भर गल्लीत बाज टाकली.

"बसा मिकाराव," आबा म्हणाले.

मिकारावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते बसले. शेजारी आबा बसले. माझी बायको पायरीवर बसली, मी खाली मातीत. ज्यांनी खुर्च्या आत टाकल्या होत्या, ते आपापल्या ओट्यांवर टेकले. कोणी न सांगता रफिकने इंजिन बंद केलं.

मिनिट झालं. मिकाराव उठेनात. आणखी थोडा वेळ गेला. एक कोंबडी बाजेखालून इकडून तिकडे गेली.

रफिक हळूच म्हणाला, "साहेब, विमान चुकंल की."

मिकारावांनी मान वर केली नाही.

"रिस्क न्हाई," ते म्हणाले.