गंगाधर पेंटर कुणालाच गोरं करत नाही

आमच्या सेलूत स्टेशन रोडवर गंगाधर पेंटरचं डिझायनिंगचं दुकान आहे. वाढदिवसाच्या बॅनरसाठी फोटो घेऊन जा, हा माणूस आधी तुमचा चेहरा कॉम्प्युटरवर इतका मोठा करतो की पडद्यावर नुसती नाकपुडी उरते. मग तुम्हालाच विचारतो, "वळखा बरं, कुणाची हाय?"

आपल्याला ओळखू येत नाही.

"सोताच्या नाकाची वळख न्हाई आन् गावभर बॅनर लावायला निघालाव!"

तरी गर्दी त्याच्याकडंच. फोटोतल्या माणसाचे भुरभुरणारे केस मागच्या झाडापासून सुटे करावेत ते त्यानंच. दाढी नीट करून देईल, चुरगळलेला शर्ट इस्त्रीचा करून देईल, मागं हिमालय उभा करील. पण चेहऱ्याचा रंग? त्याला हात लावणार नाही. एक होतकरू पुढारी म्हणाले, "पेंटर, जरा उजळ करा." गंगाधर म्हणाला, "उन्हात कापूस येचणाऱ्या मायबापाचं लेकरू तुमी. गोरं केलं तर घरचं कुत्रं अंगावर येईल."

एकदा एक बाई मुलीचा फोटो घेऊन आल्या. स्थळाला पाठवायचा होता, म्हणून उजळ हवा होता. हा म्हणाला, "पावणे पोरगी बघायला आल्यावर तिच्या गळ्यात माझा कॉम्प्युटर बांधताव का?" बाई तणतणत उठल्या. मुलगी मात्र हसून म्हणाली, "काका, हाय तसाच द्या."

गंगाधर मूळचा खराखुरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्या पेंटरांनी त्यांना शिव्या घातल्या. हा परभणीला जाऊन क्लासला बसला. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "आता ब्रश घ्या." यानं पिशवीतून खरा ब्रश काढला. मास्तरांना पडद्यावरचा ब्रश म्हणायचं होतं. ही गोष्ट तो स्वतःच सांगतो आणि सगळ्यांत मोठ्यानं हसतो. अजूनही काम संपलं की माउस पँटीला पुसून ठेवतो.

त्याच्या या हट्टाला मीही हसायचो. मागच्या हिवाळ्यात हसायचं थांबलो.

माझ्या आईला अलीकडं विसर पडतो. एका सकाळी ती घरातून निघून गेली. गल्ली, देऊळ, बाजार, सगळं पालथं घातलं. स्टेशनवर एक जण म्हणाला, हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी परभणीकडच्या गाडीत चढली. आता फोटो पाठवायला हवा होता. माझ्या मुलीच्या मोबाइलमध्ये आजीचे पाच-पन्नास फोटो निघाले, पण सगळे नटवलेले. गाल गुलाबी, डोळे टपोरे, एकाही चेहऱ्यावर सुरकुती नाही. मी तसाच गंगाधरकडं धावलो.

त्यानं फोटो पाहिला. "सर, ही कोण?"

"आई आहे माझी. सकाळपासून सापडत नाही."

"ही माय न्हाई. ही साबणाच्या जाहिरातीतली बाई हाय. हिच्यावरून शेजारी बसलेली माय बी कुणी वळखायचं न्हाई."

त्यानं समोरच्या गिऱ्हाइकाला उठवलं आणि कामाला बसला. गाल आत ओढले. डोळे बारीक केले. ओठांभोवती एकेक रेघ काढत गेला. मी हनुवटीवरचा तीळ सांगायला तोंड उघडलं, तर तो आधीच उमटला होता.

"कपाळावरचं गोंदण फिकं झालंय," तो पुटपुटला. "माय रोज इथूनच देवळात जाती. बघायलोय की मी."

अर्ध्या तासात माझी खरी आई पडद्यावरून माझ्याकडं पाहत होती. मला एकदम रडू फुटलं. तो म्हणाला, "मंग रडा सर. आधी पाठवा."

फोटो सगळ्या ग्रुपवर गेला. ओळखीतल्या रेल्वेवाल्यांनी तो पुढं पाठवला. दुपारी पूर्णा स्टेशनवरच्या एका चहावाल्या बाईंचा फोन आला. "म्हातारी माझ्याजवळ बसलीय. तिळावरनं आन् गोंदणावरनं वळखली." आम्ही जीप करून पोहोचलो, तर आई बाकड्यावर बसून भजी खात होती. मला बघून म्हणाली, "इतका उशीर? भजी गार व्हायलीत." मी तिच्या शेजारी बसलो आणि तिच्याच ताटलीतलं एक भजं खाल्लं. तसं भजं मी आजवर खाल्लेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन दुकानात गेलो. गंगाधर एकटाच होता. मी विचारलं, "सुरकुती कुठून निघते, कुठं विरते, हे इतकं बारीक कुठं शिकलात?"

तो जरा घुटमळला. मग त्यानं एक फोल्डर उघडलं. आत एकाच बाईचे ओळीनं फोटो होते. नावाच्या जागी नुसते आकडे, एकतीसपासून छप्पनपर्यंत.

"आमची शेवंता. एकतिसाव्या वर्षी गेली. फोटो एवढा पहिलाच खरा हाय. पुढं दरसाल एक वर्ष मी वाढवायलोय."

मी एकेक बघत गेलो. सुरुवातीच्या फोटोंत डोळ्यांखालच्या सावल्या चिखल लागल्यासारख्या होत्या. "तवाचं सॉफ्टवेअर लय अडाणी," तो म्हणाला, "आन् मी बी." चाळिशीतली शेवंता बरी जमली होती, केस मात्र चुना फासल्यासारखे पांढरे. पुढं नवी सॉफ्टवेअरं आली, तसा तिचा एकेक केस सुटा पिकत गेला. शेवटच्या फोटोतली बाई उद्या बाजारात भेटली असती, तर मी नमस्कार केला असता.

"पण कशासाठी?" मी हळूच विचारलं.

"मी म्हातारा व्हायलोय, सर. ती एकतीसचीच राहिली तर माझ्याशेजारी लेकीवाणी दिसंल की."

यंदाच्या फोटोत त्यानं तिला चष्मा दिला होता.

"शिवणकाम करायची," तो पडद्याकडं बघत म्हणाला. "आता सुईत दोरा ओवाया दिसला नसता तिला."