टेबलक्लॉथवरचं झाकण

तळघरातून वर आणलेलं ते कापड चौकशीने घरी न्यायलाच नको होतं. पण नेलं नसतं तर ती चौकशी कसली! आईवडिलांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण पंपाच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात तिला सगळे चौकशीबाईच म्हणायचे. समोर काहीही आलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: “हे कुणी केलं आणि कसं केलं?”

काम तसं साधं होतं. फार जुन्या एका पंपाच्या झाकणाचे तुकडे झाले होते, गिऱ्हाइकाला नवं झाकण हवं होतं आणि त्याचं एकमेव ड्रॉइंग तळघरात पडलेलं होतं. साहेबांनी बजावलं, “एवढं कॉम्प्युटरवर चढवा, की तुमची नोकरी पक्की. आणि मूळ शीट ऑफिसबाहेर गेलं, तर तुम्हीही बाहेर.”

“साहेब, या पंपाची बाकीची शीटं आहेत, दोन नंबरचं तेवढं कुठे गेलं?”

“उंदीर,” असं म्हणून साहेबांनी फायलीत डोकं घातलं.

चौकशीने अमोनियाचा वास मारणाऱ्या ड्रॉइंगच्या जुन्या प्रती पाहिल्या होत्या, निळ्यावर पांढऱ्या रेघांची ब्लूप्रिंटही पाहिली होती. पण हे भलतंच निघालं. चक्क कापड! खळ देऊन कडक केलेलं, निळसर, पलीकडचं दिसेल इतकं तलम. त्यावर काळ्या शाईत झाकण, खऱ्या मापाचं, जेवढ्यास तेवढं. कुठे रेघ थरथरलेली नाही, कुठे खाडाखोड नाही. कोण असेल हा माणूस? श्वास रोखून काढत असेल का? आणि मध्येच शिंक आली तर काय करत असेल बिचारा? हे प्रश्न ऑफिसच्या वेळेत सुटणारे नव्हते. तिने शीटची गुंडाळी केली, पिशवीत घातली आणि सरळ घर गाठलं.

कापडाला तळघराचा कुबट वास येत होता, म्हणून तिने ते गॅलरीतल्या दोरीवर वाऱ्याला टाकलं. तेवढ्यात साहेबांचा फोन: उद्यापासून आठवडाभर परगावी ट्रेनिंग. बॅग भरण्याच्या गडबडीत कापड दोरीवरच राहिलं.

आठवड्याने परत आल्यावर तिने आधी गॅलरी गाठली. दोरीवर नुसते चिमटे होते.

“आई, इथे एक कापड होतं…”

“अगं हो! काय मळलं होतं गं ते. धुऊन टाकलं मी,” सासूबाई म्हणाल्या.

“धुतलं?”

“गरम पाण्यात भिजवलं. खळ मेली निघता निघेना. पण निघाल्यावर काय कापड निघालं म्हणतेस! लोण्यासारखं मऊ. हल्ली असलं मिळतं कुठे? दोन झबली झाली बाळाची.”

बाळ म्हणजे चौकशीच्या नणंदेचं, जेमतेम दोन महिन्यांचं.

“आई, तिची नोकरी होती त्या कापडावर,” नवरा कपाळाला हात लावून म्हणाला.

“नोकरी कसली? नुसती नक्षी तर होती.” मग जरा ओशाळून त्या पुढे म्हणाल्या, “नक्षी मात्र झकास हो. म्हणून तर धुवायच्या आधी उतरवून घेतली.”

“उतरवून? कुठे?”

सासूबाईंनी टेबलावरची फुलदाणी उचलली आणि वर्तमानपत्र बाजूला सारलं. टेबलक्लॉथवर लाल दोऱ्याने, साखळी टाक्यात, पंपाचं झाकण भरलेलं होतं.

“खाली कार्बन घातला आणि गिरवलं. रेघ न् रेघ आहे बघ.”

चौकशीने सासूबाईंना मिठीच मारली. मग तिचे डोळे टेबलक्लॉथवरून फिरले आणि मिठी सैल झाली.

“आई, आकडे कुठायत?”

“टेबलक्लॉथवर आकडे कशाला? तिथे फुलं काढली.”

फुलांचं एक वेळ चाललं असतं. झाकण खऱ्या मापाचंच होतं, पट्टी लावली की झालं. पण कडेला दोन भोकं दिसत होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. तेल घालायचं भोक तर एकच असतं, हे चौकशीला पक्कं आठवत होतं.

“मूळ एकच होतं,” सासूबाईंनी कबूल केलं. “एकीकडे भोक आणि एकीकडे काहीच नाही, बरं दिसेना. म्हणून जोडी केली.”

“मग मूळचं कुठलं? डावं की उजवं?”

“ते आता कसं सांगू? दोन्ही हुबेहूब आलीत की नाही?” हे त्यांनी अभिमानाने विचारलं.

भोक चुकीच्या बाजूला पडलं तर झाकण भंगारात आणि चौकशी घरी. ती टेबलाशी बसून राहिली. आणि नेहमीचाच प्रश्न तिच्या मदतीला आला: त्या काढणाऱ्याने हे केलं कसं? गोल काढायचा तर कंपास हवा. कंपासला टोक असतं. ते कापडात टोचतं. खळ धुतली जाईल, शाई धुतली जाईल, पण टोच कुठे जाईल?

ती धावतच नणंदेकडे गेली. झबलं बाळाच्या अंगात होतं.

“वहिनी, आत्ता कुठे झोपलाय गं तो!”

“ताई, नुसती पाठ बघते.”

पाठ बघेपर्यंत बाळाने भोकाड पसरलं आणि झबलं भिजवलं. चौकशीने ते ओलं झबलं तसंच खिडकीतल्या उजेडात धरलं. काखेच्या खाली एवढीशी टोच होती. भोवती छोट्या गोलाची पुसट सावली होती, आणि शेजारचा आकडा सुलटा वाचता येईल असं धरलं, की झाकणाच्या कडेची रेघ त्याच्या डाव्या हाताला येत होती. भोक डावीकडे! त्या अनोळखी माणसाने इथे कंपास टेकवला होता. चौकशीला भरून आलं. बाळही रडत होतंच.

ड्रॉइंग कॉम्प्युटरवर चढलं. साहेबांनी ते नीट तपासलं.

“फर्स्टक्लास! आता मूळ शीट आणा, तळघरात ठेवून देऊ.”

चौकशीने पिशवीतून घडी घातलेलं झबलं काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग एका दमात सगळं सांगून टाकलं, फुलांसकट.

साहेबांनी झबलं उचललं. कापड दोन बोटांत चोळून पाहिलं.

“गरम पाण्यात धुतलं?”

“हो, साहेब.”

“आमची आई गार पाण्यात धुवायची. म्हणून रेघा राहिल्या.” त्यांनी खणातून एक जुना, मऊ रुमाल काढला. कोपऱ्यात एक पुसट कमान होती. “दोन नंबरचं शीट. माझे वडील इथेच ड्राफ्ट्समन होते. तुमचं झाकणही त्यांनीच काढलेलं.”

“म्हणजे उंदीर…”

“समोर बसलाय.”

खरं तर चौकशीने नोकरीचं विचारायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. “साहेब, काढताना मध्येच शिंक आली तर ते काय करायचे हो?”

साहेब प्रथमच हसले. “सकाळीच तपकीर ओढून दिवसभराच्या शिंका उरकून घ्यायचे.”

मग त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. “तळघरात अजून कपाटभर शीटं आहेत. ती चढवायला पक्कं माणूस लागेलच. आणि बाई, मला परवाच नात झालीय.”

“सांगते घरी, साहेब.”

“सांगा. फक्त क्रम चुकवू नका. आधी कॉम्प्युटर, मग सासूबाई.”