पडद्यामागचे काडप्पाअण्णा

काडप्पाअण्णा सिनेमा पडद्याच्या मागून बघत. पुढं जागा मिळत नव्हती म्हणून नव्हे. धाराशिवात तेव्हा तंबूतला सिनेमा यायचा. मधोमध पडदा, पुढं खुर्च्या आणि सतरंज्या, मागं नुसती जमीन. पडदा पाण्यानं भिजवला की चित्र मागूनही दिसायचं, फक्त उलटं, आरशातल्यासारखं. तिथं बसायचे ते फाटक्या खिशाचे लोक. आणि त्यांच्यात कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, परीटघडीचं धोतर नेसलेले, दोरखंडाचे मोठे दुकानदार आमचे अण्णा.

"म्होरनं काय, समदंच बेस दिसतंय," ते म्हणत. "मागनं बघावं."

हा त्यांचा नियम सिनेमापुरता नव्हता. बैल घेताना ते शिंगांकडं ढुंकूनही बघत नसत, थेट मागं जाऊन उभे राहत. शेजारच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा नवरदेवाला त्यांनी पाणी प्यायला म्हणून उठवलं आणि त्याची पाठ बघून लग्न पक्कं करून टाकलं.

मीही त्या परीक्षेतून गेलेलो. चौथीतून शाळा सुटलेली, गाव तापीकाठी, आणि विशीत पोटासाठी निजामाच्या मुलखात येऊन पडलेलो. अण्णांनी मला काही न विचारता दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मला वाटलं हाकललं. मी गुपचूप उंबरा ओलांडला, तेव्हा मागून आवाज आला, "ये माघारी. पाठ भेदरट हाय, पर लबाड न्हाय."

त्या दिवसापासून दुकानात काम आणि त्यांच्याच घरी जेवण. हिवतापात मी पडून होतो तेव्हा काढा त्यांनी स्वतःच्या हातानं पाजला. हे उपकार फेडायचे कसे, आणि फेडायच्या आधीच माझ्या हातून काही चुकलं तर जायचं कुठं, या दोन काळज्या मला कायम असायच्या.

त्या साली लढाईतल्या प्रेमाचा एक उर्दू बोलपट आला. नायक लढाईवर जातो, नायिका वाट बघते. अण्णांनी तो रोज दिवेलागणीला बघितला आणि दिवसभर गिऱ्हाइकांना सांगितला. कासरा घ्यायला आलेल्या माणसाला आधी स्टेशनाचा प्रसंग ऐकावा लागे. "गाडी सुटाय लागली. दुसरी असती तर गळा काढून गाणं म्हणली असती. ही काय करती? त्याच्या कोटाची सुटलेली गुंडी लावती. बस. ह्येला म्हणावं पिरेम."

मागून बघितल्यामुळं त्यांचा नायक डाव्या हातानं सलाम ठोकायचा. एक निवृत्त जमादार रोज येऊन वाद घालायचा, की फौजेत असा सलाम केला तर कोठडीत टाकतात. अण्णा शांतपणे म्हणायचे, "तुमी म्होरनं बघितला जमादार, तुमाला कसं कळंल?"

तंबू तुळजापूरला हलायचा होता. दोनच खेळ उरले. मी दिवाळीची बक्षिसी जपून ठेवलेली होती, तिच्यातून पुढच्या दोन खुर्च्यांची तिकिटं काढली. अण्णांनी तिकीट उलटं करून त्याची मागची बाजू बघितली. मग माझ्याकडं बघून नाही म्हणवेना म्हणून आले.

स्टेशन झालं, गुंडी लागली. पुढं खंदकातला प्रसंग येतो. कंदिलाच्या उजेडात, गुडघ्यावर कागद धरून नायक घरी पत्र लिहितो. तिथं अण्णांनी मान खाली घातली.

"अण्णा, बघा की."

"उजव्या हातानं लिवतोय त्यो," ते हळूच म्हणाले, आणि उठून निघून गेले.

माझी झोप उडाली. सकाळी दुकान उघडल्यावर त्यांनी खुंटीवरचा एक कासरा काढून माझ्या हातात दिला. कुणी कितीही मागितला तरी ते तो विकत नसत. त्याचा पीळ उलटा होता.

"इराप्पानं वळलेला," ते म्हणाले. इराप्पा त्यांचा मुलगा. "डावखुरा. पल्टनीत गेला, दर्यापार. दोन पत्रं आली. शाई समदी हातानं फासलेली. मंग कायबी न्हाय."

मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं. "मागनं त्यो डाव्या हातानं लिवतोय. आन आपल्यावानी डावीकडनं उजवीकडं."

उर्दू उजवीकडून लिहितात, पडद्यामागं ती फिरते. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. उरलेल्या दोन भेटींतली एक मी खुर्च्यांची तिकिटं काढून घालवली होती. मी कासरा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. "तुला काय ठावं," एवढंच म्हणून त्यांनी कासरा खुंटीला लावला.

शेवटच्या खेळाला मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो. जमादाराच्या सलामाचंच काय, सगळंच उलटं होतं. गाडी उलट्या दिशेला गेली. मग खंदक आला, कंदील आला. डावा हात कागदावरून सरकू लागला. अण्णा पुढं सरकले, इतके, की पडद्याचं पाणी त्यांच्या पागोट्यावर ठिबकलं. पत्र मोठं होऊन पडद्यावर आलं.

"काय लिवलंय रं?" त्यांनी विचारलं.

"खुशाल आहे, म्हणून लिहिलंय. पावसाळ्यात तुमचे गुडघे दुखतात, तर जपा म्हणून लिहिलंय."

"उर्दू हाय ती. तुला कुठं येतीया?"

"मागनं बघितलं की येते, अण्णा."

अण्णा वळले आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले.