मन्मथप्पांची रंगूनची पेढी

लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, कुणी परमुलखातला माणूस आला, की मन्मथप्पा त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी पोट विचारायचे. "तुमच्याकडं लोकांना जेवल्यावर जड वाटतं का?" कापसाच्या सौद्याला आलेल्या गोऱ्या साहेबालाही त्यांनी गाठलं होतं. दुभाष्यानं प्रश्न सांगितल्यावर साहेब लालबुंद झाला, पण पोटावर हात ठेवून त्यानं मान हलवली. आप्पा दिवसभर खूष. "बघ, विलायतेतबी गिऱ्हाईक हाय!"

निजामाचं राज्य होतं. आमचं कापडाचं दुकान, त्याला लागून आप्पांचं चूर्णाच्या गोळ्यांचं. आप्पांची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. एक धाकटा भाऊ गुरुलिंग, तोही आप्पांनीच वाढवलेला. बाकी सगळा संसार त्या गोळ्यांचा. आंबटजहाल, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. "मुलूख बदलतो, पोट बदलत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सोलापूर इंग्रजांकडं, म्हणजे आम्हाला परदेशच. तिकडं निघालेला पहिलाच माल सरहद्दीच्या नाक्यावर अडला. जकात औषधाची घ्यावी की खाऊची?

"दवा है या मिठाई?" अंमलदारानं विचारलं.

"दोन्ही हाय," आप्पा ऐटीत म्हणाले.

खात्री करायला नाक्यावरच्या सगळ्यांनी गोळ्या चाखल्या. निम्मा डबा तिथंच संपला, आणि उरलेल्यावर दोन्ही जकाती बसल्या.

तरी आप्पा थांबले नाहीत. ब्रह्मदेशात रंगूनला आपल्याकडचे पुष्कळ लोक पोटासाठी गेलेले. त्यांनी गुरुलिंगला तिकडं पेढी काढायला धाडलं. वर्षभरात त्याचा निरोप आला: इथल्या दमट हवेत गोळी पाघळते आणि इतकं आंबट इथली माणसं तोंडात धरत नाहीत. गूळ घालतो, बाटलीत भरतो.

आप्पा भडकले. "गूळ घातला की ते चूर्ण न्हाई. पोरांचा खाऊ झाला!"

"आप्पा, तिकडं तेच खपत असेल तर?" मी म्हणालो.

"मग त्यानं त्याच्या नावानं विकावं. पेढीवरचं माझं नाव काढ म्हणावं."

गुरुलिंगनं नाव काढलं. गोड गोळी तिकडं जोरात चालली. तिथल्याच एका बाईशी लग्न केल्याचंही त्यानं कळवलं. आप्पांनी उत्तरच धाडलं नाही. कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "रंगूनची पेढी आपली न्हाई."

मग लढाई पेटली. रंगूनवर जपानचे बॉम्ब पडले. आप्पा नेहमीसारखे दुकानात बसत, पण गिऱ्हाईकाला दोनदोनदा विचारत, "काय पाहिजे म्हणालात?"

बऱ्याच महिन्यांनी नांदेडचा करीम शिंपी दारात उभा राहिला. तोही रंगूनला होता. पायांना चिंध्या बांधलेल्या. मागं एक लहानखुरी बाई, कमरेला लुंगीसारखं वस्त्र.

"आप्पा, जंगलातून पायीच निघालो होतो. गुरुलिंगला वाटेत हैजा झाला, जुलाब-उलट्यांत गेला. ही त्याची बायको. हिचं दुसरं कुणी उरलं नाही."

"काही बोलला का?" आप्पा म्हणाले.

"पाणी मागितलं. पाणी नव्हतं."

आप्पा उठले. पाण्याचा तांब्या भरून त्यांनी त्या बाईपुढं धरला.

गल्लीत कुजबुज झाली. बाई कोण, कुठली, कोणत्या जातीची? आप्पांनी एकालाच उत्तर दिलं, तेही ओरडून, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. "भावजय हाय माझी!" दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला दुकानात आणून गादीवर बसवलं आणि स्वतः खाली बसले. "रंगूनच्या पेढीच्या मालकीणबाई हायत," असं येणाऱ्याला सांगायचे. आमच्या आईनं तिला दोन लुगडी नेऊन दिली.

तिला मराठी येत नव्हतं, आप्पांना तिची भाषा. त्या कुजबुजीपायी गिऱ्हाईकं कमी झाली होती. दुपारी आप्पा तिला गुरुलिंगच्या लहानपणाचं सांगायचे. तो विहिरीला कसा भ्यायचा, पाटी कशी फोडायचा. ती मान खाली घालून ऐकायची. मग ती तिच्या भाषेत बोलू लागायची, पुष्कळ वेळ. आप्पा मान हलवत "हाव, हाव" करत राहायचे.

एकदा मी न राहवून विचारलं, "आप्पा, काही कळतं का?"

"न्हाई," ते म्हणाले. "पण मधी मधी त्याचं नाव येतंय की."