टेकडीवरचा स्टँड

टेकडीवरचा सायकल स्टँड सकाळीच रिकामा व्हायचा. भाड्याची सायकल घेऊन उतारावरून जायला सगळं गाव एका पायावर तयार. चढावर पायडल मारायला मात्र कुणी नाही. खाली साचलेल्या सायकली टेंपोत भरून पुन्हा वर नेणं हे टेंपोवाल्याचं काम. आज साहेब पाहणीला येणार होते. "स्टँड परत रिकामा दिसला तर उद्यापासून तुम्ही संध्याकाळच्या पाळीला," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणजे लेक दिसणार ती झोपलेलीच. आणि नेमका आजच टेंपो पायथ्याशी बंद पडला.

त्यानं बायकोला फोन लावला. "तुझ्या भावांना घेऊन ये. दोघांनाही."

"काय मोडलं?"

"टेंपो. सायकली चालवत वर न्यायच्यात."

ती तिघं आली तेव्हा तो पाना घेऊन टेंपोखाली आडवा झालेला. तिथूनच म्हणाला, "एक वर लावली की लगेच खाली या, दुसरी न्या. वेळ नाहीये."

"दाजी, चहा तरी?"

"साहेब गेल्यावर."

मग दर थोड्या वेळानं "दाजी, निघाली एक" असा आवाज येत राहिला. तो खालून मोजत होता. पंधरा झाल्या, म्हणजे स्टँड भरला. तेवढ्यात टेंपोही चालू झाला. सगळ्यांना घेऊन, मागं वळूनही न बघता, तो खुशीत वर पोचला.

स्टँडवर एकही सायकल नव्हती.

"सायकली कुठायत?"

"खाली," धाकटा मेहुणा म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, लगेच या. चालत आलो असतो तर दुपार झाली असती."

त्यानं बायकोकडे पाहिलं.

"मला वाटलं, तुझं काम असंच असतं," ती म्हणाली. "रोज वर नेतोस, रोज खाली येतात."

इतक्यात साहेबांची गाडी आली. त्यांनी रिकामा स्टँड पाहिला, मग हातातल्या मोबाइलवरची सायकलींची नोंद.

"सकाळपासून इथून पंधरा सायकली गेल्या?"

"लोक घामाघूम होऊन येतात, साहेब," थोरला मेहुणा खरं तेच बोलला.

"एवढी मागणी कुठेच नाही. तुम्ही दिवसपाळीलाच राहा. आणि शेजारी आणखी एक स्टँड टाकू."

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी घरी असतो. दुप्पट सायकली चढवून आलेला. लेक जागी असते, खेळायला बोलावते. तोच झोपलेला असतो.