भटू नानांचे अकरा डबे

दुपारी साडेबाराला आमचे शेजारी भटू नाना अकरा डबे उघडतात आणि एकटेच जेवतात. बाकीच्या दहांत भाकरीचा एकेक तुकडा ठेवतात. "भिका, भाजीमा मीठ कमी शे का?" असं एका डब्याला विचारून थांबतात, मान डोलावतात, आणि खरोखरच वरून मीठ घेतात. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या आमच्या गल्लीतली पोरं त्या वेळी त्यांच्या दारासमोरून पळत जातात. मीही पळायचे.

पण कॉलेजात पत्रकारिता घेतली आणि सरांनी कापड रंगवायच्या, बंद पडलेल्या डाइंग मिलवर फीचर दिलं. "आधी पार्श्वभूमी भक्कम करा," म्हणाले. नाना त्याच मिलमधले. जीव मुठीत धरून गेले आणि डब्यांवर कोरलेली नावं वहीत उतरवली. इंदूबाई, सुमन, सखूबाई...

"इतक्या बायका होत्या मिलमध्ये? कधी वारल्या हो?"

नाना भडकले. "मरतीन त्यासना दुश्मन! आंदनना डबा शेतस, नाव घरवालीसनं शे." म्हणजे डबे लग्नात मिळालेले, म्हणून त्यांवर बायकांची नावं; कुठला डबा कुणाचा ते नानांनी सांगितलं आणि मी कामगारांची नावंही लिहून घेतली.

मिलला टाळं लागलं तेव्हा माणसं तशीच गावाकडे गेली. डबे कॅन्टीनमध्ये राहिले, ते नानांनी गोणीत भरून घरी आणले.

"मग रोज उघडता कशाला?"

"बंद डबाले वास येस. आपला डबा परत लेवाले उनात तं काय म्हंतीन?"

"आणि बोलता ते?"

"तोंड बंद ठेवं तं तोंडलेबी येस." मग हळूच म्हणाले, "पेपरमा नावं छापी दे, पोरी. वाचीसन येतीन."

कॉलेजच्या अंकात फीचर आलं. जागा कमी पडली म्हणून सरांनी सगळी नावं काढून टाकली होती. नाना 'एक वृद्ध कामगार' झाले होते. मला फार लाज वाटली. नानांना वाचता येत नाही. मी नेलेला अंक त्यांनी माझ्याच हातात परत दिला. "वाची दखाड."

मी कागदाकडे बघत, कागदावर नसलेली नावं वाचत गेले. एकेका नावाला नाना एकेक झाकण उघडत होते. दहावं उघडलं तेव्हा खोलीत बरीच माणसं दाटीवाटीने बसून ऐकताहेत असं मला वाटलं.

"आन मन्हं?"

नानांचं पूर्ण नाव मी वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

"आहे ना," मी म्हटलं. "सगळ्यांत वर."

नानांनी अंकाची घडी घातली, स्वतःच्या डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला भिंतीपलीकडून आवाज आला, "भिका, आपलं नाव पेपरमा उनं रे."

मी वही घेतली आणि नानांना त्यांचं पूर्ण नाव विचारायला गेले.