वेंकटानें गणिताचें पुस्तक उचलिलें, ती हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. मुलगे शाळेंत मुलींचे मागें कां राहातात, याचा शोध चेन्नईस वेस्ट मांबलमांत एका घरीं कैसा लागला, तें वर्तमान, घडलें तैसें, पदरचें न घालितां लिहिलें असे.

राजश्री अनंतकृष्णराव, मूळचे तंजावरकर, मैलापुरीं विम्याचे कचेरींत कारकून. पदरीं जुळीं अपत्यें, रंजनी आणि वेंकट, दोघें नववींत. कुटुंब विद्यालक्ष्मीबाई कैलासवासी होऊन दीड वर्ष जालें होतें, आणि घरचा कारभार वडील भगिनी राजसबाई पाहात होत्या. ऐसें असतां डिसेंबर लागला आणि शाळेंतून खलिता आला कीं, गणितांत रंजनीस ब्याण्णव, वेंकटास सतरा. सहामाहीस पस्तीस न आणील तर पोरास दुसरी शाळा पाहावी.

मग मसलत बसली. राजसबाईंचें म्हणणें पडलें कीं मुलग्यांस समज उशिरा येते, आणि त्यांणीं वल्लारैच्या पाल्याची चटणी बुद्धीस चांगली म्हणोन रोज वाढावयाचा हुकूम काढिला. रावांनीं फितुरीचा वहीम मोबाइलावर घेतला आणि त्यास कपाटांत कैद केलें. तीन दिवस चटणी चालली, मोबाइल कैदेंत राहिला, आणि गणित जागचें हाललें नाहीं. मग रावांनीं मोहीम स्वतः हातीं घेतली आणि पुस्तक हाजीर करावें म्हणोन फर्माविलें.

वेंकट देवघराकडे पाहों लागला.

“ते पूजेत आहे,” तो म्हणाला.

“कुठल्या पूजेत?”

“सरस्वतीपूजेच्या.”

दस्तूर ऐसा कीं नवमीस पुस्तकें देवीपुढें ठेवावीं, आणि विजयादशमीस सकाळीं उचलोन पानभर तरी वाचावें. रंजनीनें आपलीं सर्व ठेविलीं आणि सर्व उचलिलीं. वेंकटानें सर्वांत अवघड म्हणोन एक गणिताचेंच ठेविलें होतें, तें दोन महिने पिवळ्या वस्त्राखालीं तैसेंच, वर चंदन वाळोन भेगा पडल्या. शाळेंत शेजाऱ्याचे पुस्तकांत डोकावोन गुजराण चालली होती.

“दोन महिने उचललं का नाहीस?”

“कोणी काढून दिलं नाही, अप्पा. आई द्यायची.”

रावांचा राग तेथेंच थिजला. मग ते लेकीकडे वळले. “तुला तरी दिसलं नाही?”

“दिसलं की,” रंजनी म्हणाली. “माझं मी काढलं. त्याचं काढायला मला कोणी सांगितलं? आणि अप्पा, तुमचा चष्मा रोज कोण शोधतं? त्याचं दप्तर आई भरायची, तुमचा डबा आई भरायची. भरायला शिकवलं ते फक्त मला.”

परीक्षेस बारा दिवस राहिले होते. मग हुकूम सुटला कीं, आजपासोन जो तो आपलें आपण उचलील, सरदारासही माफी नाहीं. तेव्हां वेंकटानें देवघरांत जाऊन पिवळ्या वस्त्राखालचें पुस्तक आपल्या हातें उचलिलें.

“पोर उपाशी राहील, तंबी,” राजसबाई धाकट्या भावास म्हणाल्या.

“राहू दे आक्का. मीही राहतो.”

आणि दुसरे दिवशीं खरोखर दोघेही डबा विसरले. रावांनीं कचेरींत बिस्किटांवर भागविलें, वेंकट मित्राच्या लिंबूभातावर तगला. चौथे दिवशीं दप्तर अर्धें रिकामें पाहोन रावांचा हात आपसूक त्यांत गेला, आणि मग त्यांणीं तो माघारा घेतला. कुटुंब किती कामें न बोलतां करीत होती, हें त्यांस तो हात माघारा घेतां कळलें, आणि ते अंमळ खिडकीशीं जाऊन उभे राहिले. वेंकटानें वही शोधली, कंपास शोधला, आणि गणिताच्या बाईंपुढें आपल्या पायांनीं जाऊन मागील दोन महिन्यांचीं समीकरणें विचारलीं. बाईंस प्रथम खरें वाटेना.

निकाल लागला. वेंकटास एक्केचाळीस, रंजनीस पंचाण्णव. शाळा राहिली.

मग प्रगतिपुस्तकावर पालकाची सही करणें आलें. सहावीपासोन पुस्तक एकच. वरचे रकाने सारे विद्यालक्ष्मीबाईंच्या अक्षराचे, खालचे राजसबाईंचे; रावांचें नांव कोठेंच नाहीं. कोठें करूं म्हणोन त्यांणीं वेंकटास पुसलें, आणि वेंकटानें रिकाम्या रकान्यावर बोट ठेविलें. राव पेन मागावयास तोंड उघडते जाले, आणि मग न मागतां उठले, दोन खण धुंडाळिले, पेन आणिलें आणि बायकोच्या सह्यांखालीं जपोन सही केली.

ऐसा गणिताचा गड एक्केचाळीस गुणांनीं सर जाला. फत्ते नोंदली असे.